आधी रूळ, मग इंजिन : आमची वाटचाल

बाबांचा धंदा ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगचा. बुधवार पेठेत, तापकीर गल्लीला लागून छोटा गाळा, तांब्याच्या तारेची रिळं आणि वॉर्निशचा वास. स्टॅबिलायझर, बॅटरी एलिमिनेटर, चार्जर हे रोजचं काम. खेळण्यातल्या आगगाड्या या गाळ्यात आल्या त्या अमेरिकेहून. मुलगा किंवा जावई सुट्टीला येताना ट्रेनसेट आणायचा, त्याचा पॉवरपॅक, म्हणजे रुळांना वीज पुरवणारा डबा, ११०-१२० व्होल्टचा असायचा, आणि आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात लावला की पहिल्याच संध्याकाळी जळायचा. मग घरातले आजोबा तो पिशवीत घालून बाबांकडे. बाबा १२ व्होल्ट डीसीचा नवा पॉवरपॅक बनवून द्यायचे. पण गाडी चालवून दाखवल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत, म्हणून रूळही सोबत आणायला सांगायचे. ते जमिनीवर मांडायचं काम माझ्याकडे आणि दादाकडे.

मांडता मांडता आमच्या एक लक्षात आलं. पॉवरपॅक बदलला तरी गाडी अडखळायची, आणि इंजिन बहुतेक वेळा धडधाकट असायचं. दुखणं रुळात होतं. सुट्या रुळांच्या टोकाला पत्र्याची बारीक जोडपट्टी असते, तिला फिशप्लेट म्हणतात. दर वेळी जोडताना-काढताना ती जराशी फाकते. सैल जोडातून वीज नीट पुढे जात नाही, मग गाडी वर्तुळाच्या एका बाजूला धावते आणि दुसऱ्या बाजूला रेंगाळते. ज्यांचं टेबल कायमचं मांडलेलं असतं ते जोड सोल्डर करून मोकळे होतात. वन बीएचकेमध्ये रविवारी सकाळी मांडून गाडी जेवणाच्या आधी दिवाणात ठेवायची असेल, तर रूळच वेगळ्या जातीचा लागतो.

कोथरूडला १९९८ मध्ये भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू झालं आणि दुकानात येणाऱ्यांचे प्रश्न बदलले. तोवर लोक ‘दुरुस्त होईल का’ विचारायचे, आता ‘असं घरी करता येईल का’ विचारू लागले. बाबा थकले तेव्हा मी आणि दादाने वाइंडिंग बाजूला ठेवलं आणि पूर्णपणे याच कामात शिरलो.

तेव्हापासून आम्ही पहिल्या भेटीत इंजिन दाखवत नाही, रूळ दाखवतो. नवख्या माणसाला खालच्या खडीसकट येणारा रूळच घ्यायला लावतो. प्लास्टिकचा खडीचा बांध, त्यावर स्लीपर आणि रूळ, आणि टोकांना एकमेकांत अडकणाऱ्या खाचा-खुंट्या. ओढाताण सगळी प्लास्टिकवर येते, धातूच्या पट्टीला वीज नेण्यापुरतंच काम उरतं. शिवाय रूळ जमिनीपासून वर राहतो, त्यामुळे सतरंजीचे धागे आणि केस इंजिनाच्या आसात गुंडाळले जात नाहीत. पुण्यातल्या घरांत हे दुसरं कारण पहिल्याइतकंच मोठं आहे.

बाकमनचा ई-झी ट्रॅक, काटोचा युनिट्रॅक, टोमिक्सचा फाइन ट्रॅक, मेर्कलिनने १९९६ मध्ये आणलेला सी-ट्रॅक, सगळे याच घराण्यातले. आमचा कौल काटोला. त्याचा युनिजॉइनर, म्हणजे जोडपट्टी, खराब झाला तर तेवढाच काढून नवा बसवता येतो, अख्खा तुकडा टाकावा लागत नाही. मेर्कलिनचा रूळ दणकट आहे, पण त्यात स्लीपरच्या मधोमध धातूचे बारीक ठिपके असतात आणि इंजिन तिथून वीज घेतं. साधी दोन रुळांवरची डीसी गाडी त्यावर चालत नाही. भाच्याने जर्मनीहून रूळ आणले आणि काकांनी मुंबईहून इंजिन, अशी जोडी घेऊन कुणी आलं की आम्हाला खरंच वाईट वाटतं.

दोन कंपन्यांचे रूळही सरळ एकमेकांत बसत नाहीत. एचओ मापात, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान मॉडेलांत, सगळीकडे दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटरच असतं, तरी एकाची खुंटी दुसऱ्याच्या खाचेत जात नाही. म्हणून कंपनी एकदाच निवडायची आणि तिला धरून राहायचं. निवडताना धातू बघायचा. बाकमनचा काळ्या खडीचा रूळ पोलादी असतो, राखाडी खडीचा निकेल सिल्व्हरचा, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू. काळा स्वस्त पडतो. पण आपल्या पावसाळ्यात पोलाद गंजाचे ठिपके धरतं, आणि गाडी बाहेर काढायची वेळ येते नेमकी गणपतीत. थोडे तुकडे घ्या, पण निकेल सिल्व्हरचेच घ्या, असं आम्ही गिऱ्हाइकाला हात जोडून सांगतो.

जागेचा हिशेब लोक घरून करून येत नाहीत. एचओ म्हणजे १:८७. त्यात १८ इंच त्रिज्येचं वर्तुळ १२ तुकड्यांत पुरं होतं, पण खडीचा बांध धरून ३ फुटांच्या फळीवर ते मावत नाही, ४ फुटी फळी लागते. त्यातून आपला आयसीएफ डबा, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या बनावटीचा, बफरसकट २२.३ मीटर लांब, मॉडेलमध्ये साधारण साडेपंचवीस सेंटिमीटर. एवढा लांब डबा इतक्या आवळ वळणावर बाहेर झुकतो, बरा दिसत नाही. जागा कमी असेल तर त्याहून लहान माप, एन स्केल, १:१६०. काटोचं २४९ मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ ८ तुकड्यांचं, २ फुटी फळीवर आरामात बसतं. भारतीय ब्रॉडगेजच्या हौशी माणसाला आणखी एक सांगतो. आपला १६७६ मिलिमीटरचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ८७ ने भागला तर १९ मिलिमीटरच्या वर जातो, पण बाजारात रूळ १६.५ चाच आणि भारतीय मॉडेलंही त्यावरच चालतात. ही तडजोड सगळेच करतात, त्यात कमीपणा नाही.

जोडायला शिकवल्याशिवाय आम्ही कुणाला पाठवत नाही. दोन्ही तुकडे सपाट फळीवर ठेवायचे, उचलून हवेत जोडायचे नाहीत. टोकं समोरासमोर आणून सरळ रेषेत दाबायची, टक् आवाज आला पाहिजे. मग अंगठ्याचं नख रुळाच्या माथ्यावरून जोडावर फिरवायचं. नख अडलं तर रूळ जोडपट्टीच्या आत न जाता वर चढलाय, सोडवून पुन्हा बसवायचा. लहान मुलांची नखं याला फार चांगली. त्यांना हे काम दिलं की ती एकही जोड सोडत नाहीत.

धंद्याला खरा जोर दिला तो आरासीने. गणपतीत आणि गौरींसमोर फिरणारी गाडी हवी म्हणून घरोघरची माणसं येऊ लागली. दिवाळीत तीच माणसं किल्ल्याभोवती गाडी मागायची. वर्षातून दोनदा लागणाऱ्या गोष्टीवर एवढा खर्च सगळ्यांना झेपत नाही, म्हणून रूळ भाड्याने द्यायला सुरुवात केली. परत आलेले रूळ तपासताना पॉइंटच्या, म्हणजे गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या फाट्याच्या, हलत्या जिभेत अक्षता सापडतात, कधी हळदकुंकू, कधी रांगोळी. एक तांदळाचा दाणा जीभ पुरती मिटू देत नाही आणि गाडी तिथेच घसरते. म्हणून आरासीच्या संचात आम्ही पॉइंट देतच नाही, बिनफाट्याचं वर्तुळच देतो, आणि रोज आरतीनंतर रूळ पुसायला सुती फडकं नि आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली. पॉलिशपेपर मात्र लावू देत नाही, कारण त्याच्या चरांत काळं साचतं.

२०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेलं, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, २०२३ मध्ये शुल्क ७० टक्के झालं. नवे सेट मागवणं आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर गेलं. दादा म्हणाला, जे आहे तेच जपू. जुने रूळ विकत घेऊन, साफ करून, जोड बदलून देणं हेच आता आमचं मुख्य काम आहे. फळ्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लायवूड आणून स्वतः बनवतो आणि पॉवरपॅक बाबांच्या जुन्या वाइंडिंग मशीनवर.

सध्या दादा घाटाच्या चढाचे ठोकळे बनवतोय. बोरघाटात चढ १ ला ३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. एचओ गाडीच्या डोक्यावरून दुसरी गाडी न्यायची तर रूळ सुमारे ७५ मिलिमीटर उचलावा लागतो, म्हणजे पावणेतीन मीटरहून थोडा जास्त चढ, १८ इंची वर्तुळाचा जवळजवळ एक पूर्ण फेरा. ठोकळे खडीच्या बांधाखाली घट्ट बसतात आणि काढताना रुळाला धक्का लागत नाही. सहा डब्यांना एक इंजिन पुरत नाही, चाकं जागेवर फिरतात. कर्जतला लावतात तसं मागे ढकलणारं बँकर इंजिन लावलं की गाडी लोणावळ्याला पोचते. या दिवाळीच्या किल्ल्यांसाठी हा संच भाड्याने द्यायचा विचार आहे.