गव्हाच्या चार बिअर आणि स्टीलची फुलपात्रं

पुण्यात २००९ साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे छोट्या प्रमाणावर स्वतःची बिअर बनवणारी जागा, सुरू झाली, आणि कुठली बिअर भारी हा वाद आमच्या कंपूत साधारण तेव्हापासूनच चालू आहे. वाद घालायचा तर नीट घालू, लेबलं झाकून, एकदा समोरासमोर बसून, असं ठरलं. जागा माझी. प्यायला आम्ही चौघं कॉलेजचे मित्रमैत्रिणी, आणि वाढायला माझी बायको. ती बिअरला हात लावत नाही, त्यामुळे निःपक्षपाती.

पहिला नियम मीच घातला: सगळ्या बिअर एकाच जातीच्या. मायक्रोब्रुअरीत सॅम्पलर, म्हणजे चाखायला छोटे छोटे ग्लास, मागवला की कडू आयपीए, काळी स्टाउट, सफरचंदाचं सायडर सगळं एका फळीवर येतं. मजा येते, पण त्यातून कळत काहीच नाही. कडू आवडणारा आयपीएला मत देतो आणि विषय तिथेच संपतो. म्हणून गव्हाची बिअर घेतली. होगार्डन, बिरा व्हाइट, जर्मन एर्डिंगर, आणि इथल्याच एका ब्रुअरीतून भरून आणलेली ताजी बाटली.

यात दोन घराणी आहेत. बेल्जियन पद्धतीच्या विटबिअरमध्ये धणे आणि संत्र्याची वाळवलेली साल घालतात. हा प्रकार १९५०च्या दशकात होगार्डन गावातून जवळजवळ नाहीसा झाला होता. पिएर सेलिस नावाच्या माणसाने १९६६मध्ये तो पुन्हा उकळायला घेतला. जर्मनीतल्या बव्हेरियन पद्धतीत मसाला अजिबात नसतो, तरीही केळं आणि लवंग यांचा वास येतो. तो सगळा यीस्टचा प्रताप. आमचा सीए मित्र हे मानायलाच तयार नव्हता. "काहीतरी इसेन्स घालत असणार रे!" त्याला नाक चिमटीत धरून घोट घ्यायला लावला आणि गिळल्यावर नाक सोडायला सांगितलं. नाक बंद असताना नुसतं गोडसर पाणी, सोडल्यावर एकदम पिकलेलं केळं. चव म्हणून आपण जे सांगतो त्यातला बराचसा भाग घशामागून नाकात चढणारा वास असतो.

चखण्यावरून मात्र बंड झालं. मसाला पापड, चकली, लिंबू मारलेले शेंगदाणे, सगळं कपाटात. टेबलावर फक्त पाव आणि साधं पाणी. मीठ-तिखटाने जीभ एकदा भरली की धण्यांची बारीक चव कुठली सापडायला? नाक थकलं की स्वतःच्याच बाहीचा वास घ्यायचा, ही परीक्षक लोकांची युक्तीही सांगितली. मैत्रिणीने ती इमानेइतबारे केली आणि दिवसभराच्या घामाबद्दल मत दिलं.

गुणांसाठी बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेचा तक्ता वापरला. एकूण ५० गुण: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकंदर मताला १०. रूपाला फक्त तीन! आणि जाहिराती बघाव्यात तर सगळा फेस आणि सोनेरी रंग. तरी रंगावरून ओळखू नये म्हणून मी काचेचे ग्लास बाजूला ठेवून स्टीलची फुलपात्रं काढली आणि बुडाशी चिकटपट्टीवर आकडे लिहिले. रूपाचे गुण शेवटी, ग्लासात ओतून.

तिसऱ्या फुलपात्रावरून भांडण पेटलं. सीए म्हणाला, हलकी आहे, पातळ लागते, हिच्यात काही दम नाही. मैत्रीण म्हणाली, भलतंच काय, दाट आहे, ओल्या कणकेचा वास येतोय, केळंही आहे. दोघं एकमेकांच्या जिभेवर घसरले. एकाच बाटलीतली बिअर आणि गुणांत बारांचा फरक. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "शेवटी शेवटी गाळ आला होता, तो हिच्या वाट्याला गेला."

तिथे उलगडा झाला. बाटली एर्डिंगरची होती. या बिअरमध्ये बाटलीच्या तळाशी यीस्ट बसलेलं असतं. सावकाश ओतली तर पहिला पेला बराच नितळ निघतो आणि शेवटच्यात सगळं यीस्ट उतरतं. म्हणजे दोघं खरोखरच वेगवेगळी बिअर पीत होते, आणि स्टीलमुळे गढूळपणा कुणाला दिसलाही नाही. दुसरी बाटली उघडली. दोन तृतीयांश जगमध्ये ओतली, उरलेली गोल फिरवून गाळासकट त्यातच रिकामी केली आणि मग वाटली. फरक बारावरून तीनवर आला. पुढे प्रत्येक बाटली आधी जगमध्येच गेली.

तापमानाचंही तसंच. फ्रिजमधून नुकती काढलेली बिअर गार लागते, एवढंच. थंडीत वास हवेत फारसा उडत नाही. वीसेक मिनिटांनी त्याच चार फुलपात्रांना पुन्हा गुण दिले तर ताजी ब्रुअरीवाली वर चढली आणि आधी पहिली आलेली एक पार फिकी पडली. माझ्या मते बाटलीवरची तारीख बघणंही लेबल वाचण्याइतकंच गरजेचं आहे. जुन्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, आणि एकदा तो ओळखू आला की पुढे लपत नाही.

मग त्रिकोणी चाचणी. तीन फुलपात्रं, दोन सारखी, एक वेगळं. वेगळं कुठलं ते सांगायचं. होगार्डन आणि बिरा घेतल्या. चौघांतल्या दोघांनी बरोबर ओळखलं. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येतंच, तेव्हा त्या दोघांनी मिरवायचं कारण नव्हतं. ते मिरवले.

प्रत्येकाला दर फेरीला अर्ध्या वाटीहून कमी. तरी चार बिअर, एर्डिंगरची जादा बाटली आणि पुन्हा चाचणी धरून जाताना सगळे रिक्षाने गेले. शिवाय महाराष्ट्रात बिअरला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात आणि १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवानाही. तो परवाना कागदोपत्री प्रकृतिस्वास्थ्यासाठी दिला जातो, हे वाचून आमचा सीए अजून हसतोय.

गुण लिहून झाल्यावर चकल्या बाहेर आल्या, कोथिंबीर वडीही तळली. विटबिअरसोबत ती फारच जमते, दोन्हीकडे धण्याचंच घराणं. पुढची बैठक स्टाउटची. डिसेंबरमध्ये. वाढपी मात्र दुसरा शोधा असं बायकोने आत्ताच बजावलंय.