क्रूझवरून न्यूझीलंडच्या बंदरात उतरताना : खाणं, पाणी आणि मेथीदाणे

क्रूझनं न्यूझीलंडला निघालेल्यांनी एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्यावी. जहाजावरचं खाणं जहाजावरच संपवायचं. नाश्त्याचं केळं, ब्रेडचा तुकडा, पिशवीतला चिवडा, काहीही घेऊन बंदरात उतरता येत नाही. आणि हा नियम फक्त पहिल्या बंदरापुरता नाही, प्रत्येक बंदरात लागू असतो.

आम्ही जालना जिल्ह्यातले, घरची मोसंबी आणि कापूस. लेक सिडनीला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा जावयांनी तिथूनच क्रूझ ठरवली. आमच्या यांना, म्हणजे लेकीच्या वडिलांना, साखरेचा त्रास आहे, फार वेळ उपाशी राहून चालत नाही. त्यामुळे उतरल्यावर यांना खायला काय द्यायचं, हीच माझी खरी काळजी होती. घरी केलेलं खाणं जहाजावर आणू नका, असं कंपनीनं तिकिटासोबतच कळवलं होतं. म्हणून धपाटे लेकीच्या घरीच खाऊन संपवले आणि बंद पाकिटातले फुटाणे, खाकरे तेवढे घेतले.

'न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लेरेशन' हे घोषणापत्र लेकीनं ऑनलाइन भरून दिलं. ते सरकारी साइटवर फुकट भरता येतं, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. त्यात खाण्याचे पदार्थ, बी-बियाणं, जनावरांशी आणि शेतीशी आलेला संबंध, माती लागलेले बूट, असं सगळं विचारतात. आम्ही गोठ्यातून, बागेतून आलेली माणसं, तेव्हा जिथं 'हो' होतं तिथं 'हो'च लिहिलं. यांचे बूट सिडनीतच ब्रशनं घासून, तळव्याच्या खाचांतली माती काढून वाळवले होते. न्यूझीलंडच्या कौरी वृक्षांना मुळं कुजवणारा रोग लागलाय आणि तो बुटांच्या मातीतून पसरतो. त्या जंगलांच्या वाटेवर बूट घासून जंतुनाशक लावायची सोयच केलेली असते.

आता पाण्याचं. साधं पाणी बाटलीतून नेता येतं. पण यांच्या बाटलीत रात्री भिजवलेले मेथीदाणे असतात आणि माझ्या पाण्यात सब्जा. जहाजावरच्या मदतकक्षात मी दोन्ही बाटल्या नेऊन दाखवल्या. तिथल्या मुलीनं समजावून सांगितलं की पाणी चालेल, त्यात बी, पान, फळाची फोड काही नको. भिजलेली मेथी म्हणजे उगवायला तयार झालेलं बी, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. हे मेथ्या खोलीतच चावून खाऊन टाकायचे आणि आम्ही नुसतं पाणी भरून घ्यायचो. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट वेगळ्या डब्यात ठेवली होती. पोटभर नाश्ता करूनच उतरायचं आणि पहिल्या दुकानात केळी-ब्रेड घ्यायचा. गावातून विकत घेतलेलं खायला काहीच अडचण नसते.

ऑकलंडला उतरलो तेव्हा रांगेच्या कडेनं वासावरून खाणं शोधणारा एक बीगल कुत्रा फिरत होता. एका बाईंच्या पिशवीपाशी तो बसला, आतून सफरचंद निघालं. न सांगितलेल्या खाण्याला तिथं जागेवरच 400 न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो. दारापाशी टाकून द्यायच्या पेट्या असतात. शंका वाटली तर पदार्थ त्यात टाकावा, नाहीतर अधिकाऱ्याला आपणहून दाखवावा. आपण सांगितलेल्या वस्तूला दंड नाही. फार तर ती वस्तू ठेवून घेतात.

रांगेत काहींची कुरकुर चालली होती की एका सफरचंदासाठी एवढं काय! मला मात्र ते अगदी योग्य वाटलं. 2019 मध्ये याच ऑकलंडच्या नॉर्थकोट, डेव्हनपोर्ट भागांत सापळ्यांमध्ये मोजक्याच फळमाश्या सापडल्या, तर तिथून फळं-भाज्या बाहेर न्यायलाच बंदी घातली गेली. आमच्या मोसंबीत फळमाशी शिरली की फळ आतून सडतं, गळून पडतं आणि व्यापारी बागेकडे फिरकत नाही. जनावरांचा लाळ्या-खुरकूत रोग त्या देशात आजवर एकदाही आलेला नाही. आपल्याकडे दावणीच्या दावणी त्यानं बसवल्यात, म्हणून तर दूध-मांसाबद्दल ते एवढे काटेकोर असतात. गाजरगवत बाहेरून आलेल्या धान्याबरोबर आपल्याकडे आलं असं सांगतात. 2018 मध्ये अमेरिकन लष्करी अळी भारतात शिरली आणि त्याच हंगामात महाराष्ट्राच्या मक्यापर्यंत पोचली. तिला कुणी बंदरात अडवलं असतं तर आमच्या शेजाऱ्यांना पोंग्यात औषध टाकत फिरावं लागलं नसतं.

परत सिडनीला उतरतानाही हाच प्रकार असतो. ऑस्ट्रेलियाचं प्रवासी कार्ड वेगळं भरावं लागतं आणि कायदाही त्यांचा वेगळा, तेवढाच कडक. न्यूझीलंडमध्ये विकत घेतलेली फळंसुद्धा तिथं नेता येत नाहीत. शेवटच्या रात्री आम्ही फुटाणे-खाकरे संपवले, पिशव्या उलट्या करून झटकल्या, आणि उरलेल्या मेथ्यांची पुडी केबिनमधल्या कचरापेटीत टाकली.