आमचा जावई इंग्रज नाही

भाऊबीजेला वन्सं आल्या त्या दारातूनच विचारत, "कुठे आहे गं तुझा इंग्रज जावई?" जावई स्वयंपाकघरात माझ्याजवळ उभा होता, मी पोळ्यांची कणीक भिजवायला घेतली होती. लेकीने शिकवलेल्या मोडक्यातोडक्या मराठीत तो तिथूनच म्हणाला, "आत्या, मी इंग्रज नाही."

"मग ब्रिटिश म्हण. एकच ते."

"एक नाही, आत्या."

आणि त्याने परातीतल्या कोरड्या पिठावर बोटाने एक लांबुडकं बेट काढलं. खालचा मोठा भाग इंग्लंड, वरचा स्कॉटलंड, डावीकडचा फुगवटा वेल्स. तिन्ही मिळून ग्रेट ब्रिटन. पलीकडच्या बेटाचा उत्तरेकडचा तुकडा, म्हणजे उत्तर आयर्लंड, धरला की युनायटेड किंग्डम. या देशाचा पासपोर्ट ब्रिटिशच, इंग्रज असा वेगळा पासपोर्ट नसतोच. पण इंग्रज म्हणजे फक्त इंग्लंडचा माणूस. उत्तर आयर्लंडात तर कुणी स्वतःला ब्रिटिश म्हणतं, कुणी आयरिश, कुणी दोन्ही. तिथे ज्याला त्याला विचारूनच घ्यावं.

वन्सं चष्मा पुसून दोनदा बघत होत्या. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्या भाषेत इंग्रज हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि मुळात तो बरोबरच होता. १६०० साली कंपनी निघाली ती इंग्लंडच्या राणीच्या सनदेने. १६७४ मध्ये राज्याभिषेकाला रायगडावर आलेला हेन्री ऑक्झिंडेन इंग्रजच. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची राज्यं एक झाली १७०७ मध्ये, आपला शब्द मात्र तसाच राहिला. पेशवाई बुडाल्यावर इथला कारभार हाती घेणारा एल्फिन्स्टन स्कॉटिश. त्याच्यानंतर मुंबईचा गव्हर्नर झालेला माल्कम स्कॉटिश. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफसुद्धा स्कॉटिश. मी पंचवीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि या तिघांना बिनदिक्कत इंग्रज म्हणत आले. आता शिकवायची वेळ आली तर म्हणणार नाही.

जावई उत्तर वेल्समधल्या बाला नावाच्या गावचा. (गावाचं नाव ऐकून वन्सं पहिल्यांदा खुलल्या.) त्याच्या घरी वेल्श बोलतात. ही इंग्रजीची बोली नव्हे, तिच्याहून जुनी आणि पार वेगळ्या शाखेतली भाषा आहे. आपल्या देशाला ते वेल्स म्हणतच नाहीत, कम्री म्हणतात. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीच्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडला जोडला आणि कोर्टकचेरीतून ही भाषा काढून टाकली. एकोणिसाव्या शतकात तर काही शाळांमध्ये वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. दुसरं मूल वेल्श बोलताना सापडलं की तुकडा त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला छड्या. हे ऐकून मी परात बाजूला ठेवली. वर्गात मराठी बोललं म्हणून दंड भरलेली मुलं माझ्याकडे शिकवणीला यायची, त्यांचे चेहरे आठवले. २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणारे साधारण ५ लाख ३८ हजार निघाले, म्हणजे आपल्या नाशिक शहराच्या निम्मेही नाहीत. एवढ्या माणसांनी धरून ठेवलेल्या भाषेच्या माणसाला आपण इंग्रज म्हणायचं? ब्रिटिश म्हटलं तर तो मान डोलावतो, वेल्श म्हटलं की हसतो. इंग्रज म्हटलं की गप्प होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही घोटीवरून अप्पर वैतरणा धरणावर गेलो. वाटेत त्याने वेल्समधल्या ट्रिवेरिन खोऱ्याची गोष्ट सांगितली. बालापासून जवळच कॅपेल केलिन नावाचं वेल्श बोलणारं छोटं गाव होतं, घरं, शाळा, प्रार्थनामंदिर, दफनभूमी असलेलं. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं. १९५७ मध्ये लंडनच्या संसदेत धरणाचा कायदा झाला, वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिलं नाही, तरी झाला. १९६५ मध्ये गाव पाण्याखाली गेलं. त्याची आजी तेव्हा बालात होती. तेव्हापासून तिने स्वतःला ब्रिटिश म्हणवून घेतलं नाही, पासपोर्ट तोच असला तरी.

धरणाच्या काठावर वारा खूप होता. लेक थर्मासमधला चहा ओतत होती. तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, हे पाणी कुठे जातं?"

"मुंबईला," मी म्हटलं.

त्याने चहाचा कप हातात घेतला आणि पुन्हा पाण्याकडे तोंड करून उभा राहिला.