आमची वाटचाल : दोन घरं वर, चार घरं पुढे

आमच्या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत नवीन माणूस कामाला आला की त्याला सगळ्यात आधी एक माप सांगितलं जातं. आपल्या खेळाची नायिका उभ्या जागेवरून दोन घरं, म्हणजे पडद्यावरच्या दोन चौकटी, उंच चढते आणि धावत येऊन चार घरं रुंद खड्डा ओलांडते. तिसरं घर तिला चढता येत नाही, पाचवं ओलांडता येत नाही. खेळाच्या तीन भागांत चित्रं बदलली, इंजिन (ज्यावर खेळ चालतो ते सॉफ्टवेअर) बदललं, फोनवरून आम्ही कॉम्प्युटरवर आलो. हे माप मात्र तेच आहे.

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या घराच्या वरच्या मजल्यावर कंपनी सुरू झाली तेव्हा स्वतःचे खेळ वगैरे काही नव्हतं. गुजराती शाळांसाठी पाढ्यांचे फ्लॅश गेम, दुकानदारांच्या वेबसाइटी, असलं पोटापाण्याचं काम. फ्लॅश म्हणजे ब्राउझरमध्ये असे गेम चालवणारं तंत्र; ते बंद करणार हे ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीने २०१७ मध्येच जाहीर केलं आणि २०२० च्या अखेरीस ते बंद केलंही. मधल्या काळात आमचे जुने ग्राहक आपापले गेम नव्या तंत्रात उतरवून घ्यायला परत आले. त्या पैशातून पहिल्या खेळाचं भांडवल उभं राहिलं. बँकेत गेलोच नाही. गेलो असतो तरी ‘गेम बनवायचाय’ म्हटल्यावर साहेबांनी चहा पाजून वाटेला लावलं असतं.

विषय वहिनीने सुचवला. ती सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सची. गुजरातेत वावांना, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींना, तोटा नाही: पाटणची राणीनी वाव शंभराच्या नोटेवर आहे, अडालजची पाच मजली आहे, आणि आमच्या गावाजवळ सेवासीची आहेच. वावेत उतरत गेलं की पायऱ्या, सज्जे, खांबांच्या ओळी आणि तळाशी पाणी. प्लॅटफॉर्म गेमचा, म्हणजे ओट्या-ओट्यांवरून उड्या मारत जायच्या खेळाचा, नकाशा आयताच बांधून ठेवलेला. नायिकेच्या हातात घागर दिली. रिकामी घागर पाण्यावर तिला तरंगवते. भरलेली घेऊन मात्र ती एकच घर चढू शकते. भरलेली घागर वरच्या कुंडात ओतली की तिथलं पाणी एक घर चढतं. पहिला भाग एवढ्या तीन नियमांवर उभा आहे.

नायिकेची उडी भाचीची आहे. वहिनीने तिला ओट्यावरून उड्या मारायला लावून फोनवर चित्रण केलं आणि एकेक चित्र त्यावरून काढलं. ही युक्ती जुनीच. जॉर्डन मेकनर या अमेरिकन गेमकाराने १९८५ मध्ये धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून त्याची व्हिडिओ टेप केली होती, त्यातून १९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा गेम झाला. त्या खेळाची प्रत्येक खोली दहा घरं रुंद आणि तीन घरं उंच असते, आणि राजपुत्राची पावलं त्या घरांना बांधलेली असतात. आमचं माप तिथूनच सुचलं. फरक एवढाच, की आमचा पहिला भाग फोनवर होता. काचेवरच्या बटणावर अंगठ्याला कड लागत नाही, त्यामुळे कठड्यावरून पाय सुटल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत दाबलेली उडीही आम्ही मान्य करतो. खेळणाऱ्याला हे कधी कळत नाही, आणि कळू नये.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला अडकून पडण्याने. कोडी असलेल्या प्लॅटफॉर्म गेमचा हा जुना रोग आहे. आमच्या पिढीने तो ‘लोड रनर’मध्ये भोगला. डग स्मिथचा हा खेळ १९८३ चा. हडसन कंपनीने १९८४ मध्ये तो जपानी फॅमिकॉमवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर, आणला आणि नकली कन्सोलांच्या ‘इतके-इतके गेम एकात’वाल्या कॅसेटींमधून तो आमच्यापर्यंत पोचला. विटा चुकीच्या ठिकाणी खणल्या की सोनं हाताबाहेर जायचं, मग मुद्दाम जीव देऊन पुन्हा सुरुवात. आमच्या खेळातही पाणी नको त्या कुंडात ओतलं की नायिका तळाशी, आणि वर यायला पाणी नाही. २००८ च्या ‘ब्रेड’ या खेळाने यावर काळच उलटा फिरवण्याचा उपाय काढला. तो सुंदर आहे, पण तो त्या खेळाचा आत्मा आहे. आपण उचलला असता तर उसना दिसला असता.

उपाय विहिरीतच होता. विहिरीला झरा असतो. तळाच्या कुंडाला झरा दिला आणि वरच्या प्रत्येक कुंडाला मोरी, तीही खेळणाऱ्याच्या हातात. मोरी उघडली की पाणी खाली. पण झरा अमर्याद ठेवला तर लोक नुसते थांबून राहतील आणि कोडं आपोआप सुटेल. म्हणून तो तळाच्या पहिल्या खुणेपर्यंतच भरतो. थांबल्याने खोली मूळ स्थितीला येते, सुटत नाही. हा नियम बसल्यावर ‘पुन्हा सुरू करा’ हे बटण आम्ही काढूनच टाकलं.

पहिला भाग फुकट होता, जाहिरातींवर. जाहिरात दोन खोल्यांच्या मधेच येते. खोलीच्या आत आली तर विचाराचा धागा तुटतो, मग ती कितीही पैसे देवो. दुसरा भाग विकत, स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानावर. तिथे प्रत्येक खेळामागे शंभर डॉलर भरावे लागतात आणि विक्रीतले साधारण तीस टक्के त्यांचे. या भागात रहाट आला, म्हणजे दूरच्या कुंडाचं पाणी एका जागी उभं राहून हलवता येऊ लागलं.

तिसऱ्या भागाच्या वेळी सगळ्यांना त्रिमितीत जायचं होतं. भागीदाराने नमुनाही केला, दिसायला झकास होता. मी फिनलंडच्या फ्रोझनबाइट या गेम कंपनीकडे बोट दाखवलं. त्यांच्या ‘ट्राइन’चे पहिले दोन भाग बाजूने दिसणारे, २००९ आणि २०११ चे. २०१५ चा तिसरा पूर्ण त्रिमितीत गेला, ५४ लाख डॉलरांहून जास्त खर्च झाला आणि तरी खेळ आखूड, कथा अर्धवट राहिली. २०१९ च्या चौथ्या भागात ते पुन्हा बाजूच्या दृश्यावर आले. त्यांनी एवढा पैसा घालून शिकलेलं आपण फुकट शिकावं. शिवाय त्रिमितीत ‘दोन घरं’ नजरेने मोजताच येत नाहीत, आणि मोजता आली नाहीत तर कोडं सोडवण्याआधी उडीचाच अंदाज घेत बसावं लागतं. नमुना बाजूला ठेवला. त्याऐवजी दुसरी खेळाडू आणली, नायिकेची आजी. आजी उडी मारत नाही, पण भरलेल्या दोन घागरी उचलते. एकाच कीबोर्डवर दोघांनी खेळायचं.

त्याच सुमारास, २०२३ मध्ये, आम्ही मुक्त परवान्याच्या गोदो इंजिनवर आलो. उडी जशीच्या तशी उतरली, कारण गुरुत्वाकर्षणाचा आकडा आम्ही कधी हाताने लिहितच नाही. उंची आणि शिखरापर्यंतचा वेळ लिहितो. उंचीच्या दुपटीला वेळेच्या वर्गाने भागलं की गुरुत्वाकर्षण मिळतं. खाली येताना ते थोडं वाढवतो, नाहीतर नायिका फुग्यासारखी तरंगत उतरते.

नवरात्रात आम्ही काहीही प्रकाशित करत नाही. त्या नऊ रात्री बडोद्यात कोणाला फोन लावून उपयोग नसतो, कंपनीतल्यांनाही.

चौथ्या भागाचं काम चालू आहे. यात खोल्या बांधण्याचं साधन खेळणाऱ्यालाही मिळेल. ‘लोड रनर’ने ते १९८३ मध्येच दिलं होतं. अट एकच: स्वतः बांधलेली खोली स्वतः सोडवून दाखवल्याशिवाय ती दुसऱ्याला पाठवता येणार नाही. मराठी आणि गुजराती दोन्ही पहिल्या दिवसापासून असतील, आणि हा भाग आधी कॉम्प्युटरवर येईल, मग फोनवर.