रडारला कबर दिसत नाही

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, रडार आणणार ना? आमच्या दफनभूमीत जुन्या कबरी नेमक्या कुठे आहेत, कुणालाच सांगता येत नाही." आणते की. पण रडार गाडीतून उतरवण्याआधी मी एक सकाळ आणि एक संध्याकाळ नुसती चालत असते, आणि खूण नसलेल्या बऱ्याच कबरी मला तेव्हाच सापडतात.

खड्डा बुजवला की वर उंचवटा राहतो. माती दबते आणि उंचवटा जातो. पुढे कधीतरी पेटीचं झाकण कुजून आत कोसळतं आणि वरची जमीन आणखी खचते. उरतो एक लांबट, उथळ खळगा, कधी जेमतेम बोटभर खोल. भर दुपारी त्यावरून चालत गेलात तरी कळणार नाही. ऊन तिरपं झालं की त्याच जागी सावलीची बारीक कड उमटते. ती बघायला मी गुडघे टेकून गाल जवळजवळ गवताला लावते. बाईंचं काहीतरी हरवलंय असं बघणाऱ्यांना वाटतं. कोरड्या दिवसांत गवताचा रंगही बोलतो. उकरून भरलेली माती पाणी वेगळ्या तऱ्हेने धरते, त्यामुळे तेवढाच पट्टा जास्त हिरवा राहतो किंवा आधी पिवळा पडतो.

एक सापडली की पुढचं जरा सोपं, कारण कबरी बहुधा ओळीने आणि एकाच दिशेने असतात. ओळीत मध्येच एका कबरीएवढी जागा सुटली असेल तर ती रिकामी समजू नका. लहानसा अनघड दगड दिसला की लोक "लहान मुलाची असेल" म्हणून मोकळे होतात. पण बऱ्याच ठिकाणी डोक्याशी मोठा आणि पायाशी छोटा असे दोन दगड लावत. आधी दोन दगडांमधलं अंतर मोजा, मग ठरवा. साफसफाईच्या उत्साहात असे दगड उपटून कुंपणाशी रचून ठेवणाऱ्यांचं काय करावं, हे मला अजून सुचलेलं नाही.

आता रडार. सुमारे 400 मेगाहर्ट्झचा अँटेना असलेली ढकलगाडी असते ती. जमिनीत रेडिओलहरी सोडते आणि परत आलेले पडसाद पडद्यावर दाखवते. दोऱ्या ताणून 25 ते 50 सेंटीमीटरवर समांतर पट्टे आखायचे आणि गाडी फिरवायची. तिला हाडं दिसत नाहीत. दिसतात ते मातीचे तुटलेले थर, पोकळी, पेटी. खणताना वरची आणि खालची माती मिसळते, आणि ते थर पुन्हा जसेच्या तसे लावता येत नाहीत. शेकडो वर्षांनीही ही मोडतोड ओळखू येते. हाडं तर असतीलच असं नाही. इंग्लंडमधल्या सटन हू इथल्या आम्लधर्मी वाळूत हाडं विरघळून गेली आणि देहांच्या जागी वाळूत फक्त गडद आकार उरले.

पडद्यावर कमान उमटली की मंडळी गर्दी करतात. पण तशी कमान झाडाचं मूळही देतं, मोठा धोंडाही देतो. म्हणून मी पट्टे कबरींच्या लांबीला आडवे घेते. मोठ्या माणसाची कबर असेल तर अर्ध्या मीटरवरच्या शेजारच्या तीन-चार पट्ट्यांत खूण त्याच रेषेत पुन्हा यायला हवी आणि मग एकदम थांबायला हवी. मूळ वाकडंतिकडं पुढे जात राहतं. चिकणमाती ओली असेल तर सिग्नल थोड्याच खोलीवर विरतो. त्या दिवशी गाडी फिरवण्यात अर्थ नसतो.

'विसंगती' (म्हणजे रडारवर आजूबाजूपेक्षा वेगळी दिसलेली खूण) आणि 'कबर' हे दोन शब्द मी अहवालात कधीच मिसळत नाही. कॅनडात आदिवासी मुलांना घरापासून दूर ठेवणाऱ्या निवासी शाळा होत्या. त्यांपैकी कॅमलूप्सच्या शाळेच्या आवारात 2021च्या मे महिन्यात रडार-तपासणीनंतर 215 मुलांचे अवशेष सापडल्याचं जाहीर झालं. जुलैत तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांनी आकडा 200 केला आणि खणल्याशिवाय खात्री देता येत नाही, या 'संभाव्य' कबरी आहेत, असं स्पष्ट केलं. अशा शाळांमध्ये मुलं दगावली हे कागदपत्रांतून आणि साक्षींतून आधीच समोर आलेलं होतं. पण घाईच्या एका शब्दाने नाकारणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळालं.

वाकवलेल्या दोन तारा हातात धरून कबर शोधणारे एखादे काका येतातच. "इथे बघा, फिरल्या!" मी वाद घालत नाही. "काका, आता डोळ्यांवर पट्टी बांधून परत चला," एवढंच म्हणते. मघाच्या जागी तारा मग फिरत नाहीत. सळई खुपसून पाहणाऱ्यांना मात्र ठाम नकार देते. भरावाच्या मातीत सळई सहज उतरते हे खरं, पण खाली पेटीचं झाकण असेल तर ते फुटतं.

शेवटी समितीला फलकावर लिहायला एक आकडा हवा असतो. मी तीन देते : खात्रीच्या, बहुधा कबरी असलेल्या, आणि नुसत्या शंकेच्या. चिडचिड होते, पण नकाशावर तिन्हींचे रंग वेगळेच राहतात. आणि पट्टे मी कुंपणाच्या बाहेरही काही मीटर नेते. कुंपण पुष्कळदा कबरींनंतर आलेलं असतं आणि सोयीने सरकवलेलंही असतं. त्यासाठी शेजारच्या जमीनमालकाची परवानगी लागते. ती आधीच घेऊन ठेवा, नांगरट व्हायच्या आत.