बजेट एएम४ बिल्डची नोंद: बोर्ड पक्का, रॅम ३६०० वर स्थिर

एएमडीच्या एएम४ सॉकेटवर, ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) करता येईल असा स्वस्तातला पीसी जुळवतोय. रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि साधा सिंगल टॉवर कूलर एवढं आधीच ठरलेलं. हा टप्पा बोर्ड आणि रॅमचा.

ए३२० आणि ए५२० चिपसेटच्या बोर्डवर कोअरचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) हलवता येत नाही, त्यामुळे ते लगेच बाद. एक्स५७० ला मोजावे लागणारे जादा पैसे मुख्यतः पीसीआयई ४.० च्या लेनसाठी (कार्ड आणि एसएसडी जोडणाऱ्या डेटा मार्गांसाठी) असतात, ओव्हरक्लॉकला त्यांचा काही उपयोग नाही. राहिले बी४५० आणि बी५५०. सेकंडहँड बी४५० स्वस्त पडतो, पण बायोस जुना असेल तर ५६०० वर मशीन पोस्टच होत नाही (सुरुवातीची तपासणी पार करून चालू होत नाही) आणि अपडेटसाठी कुणाकडून तरी जुना रायझन मागून आणावा लागतो. म्हणून लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ऑनलाइन, मागच्या पॅनलवर फ्लॅश बायोसचं बटण आहे ना, हे आधी बघा. ते असलं की प्रोसेसर न बसवता फॅट३२ पेनड्राइव्हवरून काम होतं.

व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या सर्किटवर) मात्र लोक विनाकारण पैसे घालवतात. ५६०० ची डिफॉल्ट पॉवर लिमिट ७६ वॉट आहे. पीबीओ (एएमडीची आपोआप ओव्हरक्लॉक करणारी सोय) मोकळा सोडला तरी सहा कोअरना व्हीआरएमच्या बारा-चौदा फेज लागत नाहीत. मॉसफेटवर (व्हीआरएममधल्या तापणाऱ्या भागांवर) हीटसिंक मात्र हवाच, कारण टॉवर कूलरचा वारा बोर्डला समांतर जातो आणि स्टॉक कूलरसारखा व्हीआरएमवर पडत नाही. या हिशेबात एमएसआयचा बी५५०एम प्रो-व्हीडीएच वायफाय बसला: चार स्लॉट, फ्लॅश बटण, डीबग एलईडी (कुठे अडलं ते दाखवणारे दिवे).

रॅमचा विषय मोठा आहे. डब्यावर ३२०० सीएल१६ (वेग आणि पहिलं टायमिंग, म्हणजे डेटा द्यायला लागणारे क्लॉक) लिहिलेलं असतं, पण आत कोणती चिप आहे यावर सगळं ठरतं. १४-१४-१४ टायमिंगचा ३२०० किट म्हणजे सॅमसंगची बी-डाय चिप. महाग, पण व्होल्टेज वाढवलं की जवळपास सगळी टायमिंग खाली येतात. १६-१८-१८ मध्ये मात्र काहीही निघू शकतं. कोर्सेअर व्हेन्जन्स एलपीएक्स घेत असाल तर विक्रेत्याकडून स्टिकरचा जवळून काढलेला फोटो मागा. त्यावर बारीक अक्षरात व्हर्जन नंबर असतो. पहिला आकडा ३ असेल तर मायक्रॉन, ४ तर सॅमसंग, ५ तर हायनिक्स, ४.३१ दिसला तर तो बी-डाय, सोडू नका. थायफून बर्नर हा प्रोग्रॅम चिपचं नाव सांगतो, पण कधीकधी तो अंदाजच असतो.

या बिल्डमध्ये क्रुशलचा जुना बॅलिस्टिक्स ३२०० किट आहे, ८ जीबीच्या दोन स्टिक, आत चिप मायक्रॉन रेव्ह. ई. बॅलिस्टिक्स ही मालिका २०२२ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता सेकंडहँडच शोधावी लागते. या चिपचा स्वभाव ठरलेला आहे: व्होल्टेज दिलं की सीएल उतरतो, पण टीआरसीडी (दुसरं टायमिंग) जागचा हलत नाही. १.५ व्होल्ट देऊन तो १९ वरून १७ वर आणायची खटपट करू नका.

४००० च्या वरचे किट या प्रोसेसरसाठी घेऊच नयेत. ३६०० ला इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरमधले भाग जोडणारा मार्ग; त्याचा क्लॉक म्हणजे एफसीएलके) १८०० वर आणि ३८०० ला १९०० वर चालतं. त्यापुढे बहुतेक प्रोसेसर दम तोडतात आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया १९ च्या (हार्डवेअर एररच्या) नोंदी साचू लागतात. १:१ चं प्रमाण (डीडीआरमुळे ३६०० रॅमचा खरा क्लॉक १८०० च असतो) सुटलं की लेटन्सी, म्हणजे विलंब, वाढते आणि वाढलेल्या क्लॉकचा फायदा तिथेच संपतो.

दोन्ही स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. सध्याची सेटिंग: ३६००, एफसीएलके १८००, १६-१९-१९-३८, रॅम १.४० व्होल्ट, एसओसी (प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलरचा भाग) १.१० व्होल्ट, गिअर डाउन (रॅमला कमांड सोप्या गतीने देणारा मोड) चालू. गिअर डाउन चालू असताना सीएल विषम दिला तर बोर्ड तो वरच्या सम आकड्यावर नेतो, म्हणजे १५ मागितलात तरी १६ च मिळणार. टीआरएफसी (रॅमच्या रिफ्रेशला लागणारे क्लॉक) ५४०: रेव्ह. ई ला साधारण ३०० नॅनोसेकंद लागतात, त्याला १.८ ने (१८०० चा क्लॉक म्हणजे १.८ गिगाहर्ट्झ) गुणलं की झालं. ३८०० ला हाच आकडा ५७० होईल. एसओसी ऑटोवर ठेवू नका, एक्सएमपी (रॅमचं तयार प्रोफाइल) लावल्यावर काही बोर्ड तो नको इतका वर नेतात.

बदल करण्याआधी चालू प्रोफाइल पेनड्राइव्हवर सेव्ह करा. डीरॅमचा दिवा पेटून राहिला तर लगेच घाबरू नका. बोर्ड काही वेळा स्वतःच रीस्टार्ट होऊन डिफॉल्टवर येतो. नाहीच आला तर वीज पूर्ण बंद करून बायोस रीसेट करणाऱ्या जेबॅट१ च्या दोन पिन काही सेकंद स्क्रूड्रायव्हरने जोडा.

रॅमची चाचणी टेस्टमेम५ या प्रोग्रॅमवर, एक्स्ट्रीम कॉन्फिग, प्रोसेसर पूर्ण स्टॉकवर ठेवून. कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग) आणि रॅम एकाच वेळी हलवले तर चूक कुणाची हे कळत नाही. एरर सुरुवातीलाच आला तर आधी टीआरसीडी किंवा व्होल्टेज तपासा. स्टिक तापल्यावर उशिरा आला तर संशय टीआरएफसीवर घ्या. सोबत ग्राफिक्स कार्डवरही लोड चालवा, कारण त्याची गरम हवा थेट रॅमवर येते. नागपूर-चंद्रपूरकडच्यांनी टीआरएफसीत वीस-तीस क्लॉकची सूट ठेवावी; डिसेंबरात पास झालेली सेटिंग मे महिन्यात एरर देऊ शकते.

आयडा६४ च्या मेमरी बेंचमार्कमध्ये राइट सेकंदाला २८.८ जीबीच्या आसपास आणि रीड त्याच्या जवळपास दुप्पट दिसला तर रॅमला दोष देऊ नका. ५६०० सारख्या एका चिपलेटच्या (सगळे कोअर एकाच तुकड्यावर असलेल्या) रायझनमध्ये राइटचा मार्ग १६ बाइटचाच असतो, आणि १६ गुणिले १८०० म्हणजे नेमके तेवढेच.

पुढे १९०० एफसीएलके, व्हीया शून्य राहिला तरच. मग सगळ्या कोअरवर कर्व्ह उणे १५, आणि कोअरसायक्लरवर एकेक कोअरची चाचणी.