कल्चर निगेटिव्ह, पेशंट बेजार

मायक्रोबायॉलॉजीवाल्यांना पेशंट क्वचितच दिसतो; आमच्यापर्यंत पोचते ती डबी. त्या सकाळी पुण्यातल्या आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एक डबी उघडली आणि टेक्निशियननं तोंड फिरवलं. शौचाच्या नमुन्याला वास असतोच, पण हा निराळा, थेट घोड्यांच्या तबेल्यातला. वासावर निदान करू नये म्हणतात. ठीक आहे, पण नाकाला कोण समजावणार?

चिठ्ठीवर नुसतं ‘गॅस्ट्रो’. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, आठवडाभर पाण्यासारखे जुलाब, ताप, पांढऱ्या पेशी चढलेल्या. आधीच्या नमुन्याचं कल्चर, म्हणजे प्लेटवर जिवाणू वाढवून बघण्याची तपासणी, निगेटिव्ह होतं: जुलाबाचे नेहमीचे जंतू साल्मोनेला नाही, शिगेला नाही, कॉलरा नाही. प्लेटवर आतड्यातल्या नेहमीच्या ई. कोलाय जिवाणूच्या गुलाबी वसाहती, अगदी सालस. पण ही प्लेट आतड्याबद्दल फार थोडं सांगते. तिथल्या बहुसंख्य जिवाणूंना ऑक्सिजन सोसत नाही. ते जिवंत आहेत की साफ झालेत, हे साध्या प्लेटवर कळतच नाही.

म्हणून वॉर्डात जाऊन सुनेला विचारलं, याआधी कुठल्या गोळ्या चालू होत्या? लग्नातल्या जेवणानं बाधलं, यावर घरात एकमत झालेलं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “दाढ काढली होती हो बाबांनी. कोर्स संपला, पण ठणका राहिला, म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून अजून एक पाकीट आणलं.” पर्समधून रिकामं पाकीट निघालं. क्लिंडामायसिन, एक अँटिबायोटिक.

खाली येऊन कार्ड टेस्ट लावली. जीडीएच या जिवाणूच्या प्रथिनाची रेघ उमटली, मग टॉक्सिनची, म्हणजे त्याच्या विषाचीही. क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल नावाचा जिवाणू; आम्ही सी-डिफ म्हणतो. अँटिबायोटिकनंतरच्या आतड्याच्या सुजेमागे हा असतो, हे 1978 मध्ये उलगडलं. एरवी आतड्यातले काही जिवाणू पित्ताम्लांचं रूप बदलतात आणि त्या बदललेल्या पित्ताम्लांमुळे सी-डिफला वाढता येत नाही. क्लिंडामायसिननं हे जिवाणू मारले की मूळ पित्ताम्लं तशीच राहतात, आणि त्यांच्यामुळे तर सी-डिफचे बीजाणू, म्हणजे त्याची झोपलेली, चिवट रूपं, जागे होतात. संरक्षण गेलं आणि वर सी-डिफला आमंत्रणही गेलं.

काकांना हे सोपं करून सांगायला लागले, तर ते पीएमटीतले निवृत्त कंडक्टर निघाले. “कळलं मॅडम. तुमच्या औषधानं अख्खी गाडी उतरवली, म्हणून खिसेकापूला सीट मिळाली!” एवढ्या अशक्तपणातही तिरकस बोलणं शाबूत होतं.

खरी धांदल त्यानंतर उडाली. सी-डिफवरच्या व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनची बाटली पाण्यात मिसळून तोंडावाटे द्यायची, 125 मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा. सिस्टरनं ऑर्डर दोनदा वाचून मला फोन केला, “मॅडम, हे शिरेतून ना?” नाही. शिरेतून दिलं तर ते आतड्याच्या पोकळीत पुरेसं उतरत नाही. तोंडावाटे दिलं तर रक्तात जवळजवळ शोषलं जात नाही, हवं तिथेच राहतं. दुसरी अडचण पलंगाला लटकवलेल्या सॅनिटायझरची. नातेवाईक इमानेइतबारे हात चोळत होते, पण अल्कोहोलनं बीजाणू मरत नाहीत. साबण आणि वाहतं पाणीच हवं, फरशीला हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच. मावशींनी माझ्याकडे बघितलं ते काही प्रेमानं नव्हे.

तीन-चार दिवसांत जुलाब आटोक्यात आले. मुलानं विचारलं, पुन्हा झालं तर? होऊ शकतं, साधारण पाचात एकाला होतं. वारंवार उलटलं, तर निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू आतड्यात सोडण्याचाही उपाय आहे. डेन्व्हरच्या सर्जननी तो 1958 मध्येच नोंदवला. 2013 मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी त्याची चाचणी प्रसिद्ध केली. त्यात पहिल्याच खेपेला 16 पैकी 13 जण बरे झाले आणि फरक इतका उघड होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. हे ऐकून काका म्हणाले, “त्यापेक्षा मी बरा झालोय असं लिहून टाका.”

ताक चालेल का, हा प्रश्न आलाच. खुशाल प्या म्हटलं, पण त्यातले जिवाणू गेलेल्यांची जागा भरून काढतील, अशी हमी मी दिली नाही.

पुढं शौचतपासणीच्या फॉर्मवर एक रकाना वाढवून घेतला: गेल्या तीन महिन्यांतली अँटिबायोटिक्स. निवासी डॉक्टर तो बहुतेक वेळा कोराच पाठवतात. मग मी वॉर्डात फोन लावते, आणि पलीकडून आधी एक सुस्कारा ऐकू येतो.